मधला श्वास

पहिली कॅसेट भट्टीत पडली आणि नुसती वाकली. मग प्लास्टिकला फोड आले, आतली तपकिरी फीत सुटून निखाऱ्यांवर पसरली आणि काळा, तेलकट धूर इस्मोच्या तोंडावर आला. तो मागे सरला नाही. खोक्यात हात घालून त्याने दुसरी काढली, मग तिसरी. प्रत्येकीवर हेलीने काढलेलं तेच चित्र होतं, कंदील धरलेला एक लोखंडी हात, आणि त्याखाली बँडचं नाव, आयर्न लँटर्न. आतल्या कागदावर पहिलीच ओळ होती, गायन आणि गिटार, इस्मो.

आमच्या किनाऱ्यावर सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीत बर्चच्या लाकडाशिवाय काही जात नाही. पेटवायला वर्तमानपत्राचा बोळा चालतो, तोही रंगीत पान वगळून. ही सौना म्हाताऱ्या रेइनोची. त्याचा जन्म याच फळ्यांवर झाला होता आणि त्याच्या आईला शेवटची अंघोळही इथेच घातली होती. इथे कुणी आवाज चढवत नाही. दारू पिऊन आलेला माणूससुद्धा इथे सरळ बसतो. इस्मोला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच तो इथे जाळत होता.

थोड्या वेळापूर्वी याच फळ्यांवर ते तिघं शेजारी शेजारी बसले होते. इस्मो, ड्रम वाजवणारा रेइनोचा मुलगा पासी आणि बास गिटारवाला किम्मो. कीबोर्ड वाजवणारी हेली आधीच सौना उरकून घरात कॉफीचं बघायला गेली होती. इस्मो वाट बघत होता. आता सांगतील, या वाफेनंतर सांगतील. पासीने भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. किम्मोने टाकलं. परत पासीने टाकलं. कान भाजायला लागले तरी दोघंही गुळणी धरून बसलेले.

शेवटी पासी म्हणाला,

"लाकूड यंदा कोरडं आहे."

"हो," किम्मो म्हणाला.

झालं. एवढंच बोलून दोघं उठले, बाहेर बर्फात लोळले आणि कपडे चढवून घराकडे गेले. "मी झाडून घेतो, तुम्ही व्हा पुढे," असं इस्मो म्हणाला आणि त्यांची पाठ वळल्यावर व्हॅनमधलं खोकं घेऊन आला.

गोष्ट अशी होती की, हाम्बुर्गच्या एका रेकॉर्ड कंपनीला आयर्न लँटर्नची गाणी आवडली होती. अल्बम काढायला ते तयार होते. अट एकच, गायक बदला. हे त्या कंपनीच्या डीटर नावाच्या माणसाने किम्मोला फोनवर कधीच सांगितलं होतं. किम्मोने पासीला सांगितलं, पासीने हेलीला. सगळ्यांना ठाऊक, फक्त ज्याच्या गळ्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याला नाही. काल डीटरचा फोन नेमका इस्मोने उचलला. "मग, मिळाला का नवा गायक?" त्याने मोकळेपणाने विचारलं, आणि पलीकडे शांतता ऐकून बिचारा गडबडला. "मी किम्मोला सांगितलं होतं, तुझ्याशी बोलून घे म्हणून. तो हो म्हणाला होता."

आता आमच्याकडचं 'हो' त्या जर्मन माणसाला कोण समजावणार? आम्ही 'हो' म्हणतो ते श्वास आत ओढून. आवाज असून नसल्यासारखा. परक्याला वाटतं, माणसाला ठसका लागला. त्या 'हो'चा अर्थ 'ऐकलं' इतकाच असतो. 'करतो' असा नसतो.

दार उघडलं. धूर बघून रेइनो आला होता, पायात एकच बूट नीट घातलेला. त्याने भट्टीकडे पाहिलं, रिकाम्या खोक्याकडे पाहिलं. मग वरची खिडकी उघडली, दार दगड लावून उघडं ठेवलं, आणि चिमट्याने एक अर्धवट जळलेली कॅसेट बाहेर काढून बर्फात टाकली. ती चर्रकन विझली. मागून पासी, किम्मो आणि हेली धावत येत होते.

"घरात जा," रेइनो त्यांना म्हणाला. "कॉफी गार होतेय."

ते थांबले. मग तिघंही वळले.

"काका..." इस्मो म्हणाला.

"दगड निवायला हवेत. उद्या सकाळी ये."

*

रविवारी सकाळी इस्मो गेला तेव्हा रेइनोने दगड उपसायला सुरुवात केलेली होती. खालचे दगड काळे, चिकट झाले होते. सौनाच्या आतपर्यंत जळक्या प्लास्टिकचा वास बसला होता, फळ्यांना, छताला, पाण्याच्या लाकडी बादलीलासुद्धा. इस्मो मुकाट्याने ढकलगाडी घेऊन आला. दोघं दगड गाडीत भरत राहिले.

"दगड तसेही बदलायचेच होते," रेइनो म्हणाला.

इस्मोने मान खाली घातली. हे दगड गेल्या शरद ऋतूतच बदलले होते. शेडमागच्या ढिगातून निवडून इस्मोनेच ते वाहून आणले होते, आणि रेइनोने एकेक हातात घेऊन, वाजवून, जागेवर बसवला होता. म्हाताऱ्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ही मेहेरबानी जास्त झोंबत होती.

"मला कुणी सांगितलं नाही, काका. एकानेही."

"मीही नाही सांगितलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पासी रात्री झोपत नव्हता. मी विचारलं." रेइनोने एक दगड खाली ठेवला. "पोस्टमन आहे तो. दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवायचं, ते जमतं त्याला. स्वतःचं सांगायचं म्हणजे त्याच्या जिभेला गाठ पडते. माझंच पोर ते."

"पहिलीपासून एका बाकावर बसलोय आम्ही."

"म्हणूनच."

इस्मोने पुढचा दगड उचलून गाडीत टाकला. पासीचा राग काही निवत नव्हता. गाण्यातलं अपयश एकवेळ पचलं असतं. आपला आवाज वर गेला की चिरकतो हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो त्यानेच आपल्यापासून लपवावं, रोज समोर बसून ड्रमचे नट पिळत हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, हे त्याला सहन होत नव्हतं.

"तुझं ते दिव्याचं गाणं मला आवडतं," रेइनो एकदम म्हणाला. "बाकीची ती तलवारी आणि ड्रॅगनची काही कळत नाहीत. पण ते आवडतं."

ते गाणं रेइनोच्याच गोष्टीवरून आलं होतं. त्याचा बाप गोठलेल्या समुद्रावर जाळी टाकायला जायचा, आणि धुक्यात वाट चुकू नये म्हणून आई किनाऱ्यावर कंदील टांगून ठेवायची. इस्मोने शब्दकोश शेजारी ठेवून त्याचं इंग्रजी गाणं केलं होतं. धृपदाच्या ओळीचा अर्थ असा, दिवा तेवत ठेव, मी बर्फावरून चालत येईपर्यंत. ओळ लांब होती आणि चढत जाणारी होती. लहानपणी इस्मोच्या एका फुफ्फुसात पाणी झालं होतं, तेव्हापासून त्याला दम पुरत नसे. 'बर्फावरून' म्हटल्यावर तो थांबे, श्वास घेई आणि मग 'चालत येईपर्यंत' म्हणे. त्या फटीत हेली कीबोर्डवर एकच बारीक सूर वाजवायची, फट दिसू नये म्हणून.

"मधे थांबतोस ना, ते बरोबर करतोस," रेइनो म्हणाला. "बाप थांबायचा. मधे उभं राहून ऐकावं लागतं, बर्फ काय बोलतोय ते. जो थांबत नाही तो बुडतो."

इस्मोने ढकलगाडीचे दांडे पकडले. ते फुफ्फुसामुळे होतं, हे त्याने सांगितलं नाही.

"मी नवा गायक शोधतो," तो म्हणाला. "त्यांना सांगा."

"तूच सांग," रेइनो म्हणाला. "या घरात निरोप पोचत नाहीत."

*

आयर्न लँटर्नचा सराव चालायचा तो एका चार मजली इमारतीखालच्या बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या तळघरात. जाड पोलादी दार, आणि आत भाडेकरूंच्या स्की, बाळगाड्या आणि बटाट्यांच्या गोणी. युद्ध आलं तर माणसं येणार होती. तोवर आवाज बाहेर जात नाही म्हणून बँड येत होता. सोमवारी इस्मोने तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"मी गाणार नाही. गिटार वाजवीन, गाणी लिहीन. गायक मी शोधतो. आणि ती जुनी कॅसेट संपली. आता ती कुणाला पाठवायची नाही."

हे शेवटचं पासीला उद्देशून होतं. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं पत्रं पाठवायची आणि पासी पोस्टातून सुटला की त्यांना कॅसेट पाकिटात घालून धाडायचा. ब्राझील, ग्रीस, जपान. तिकिटांच्या पायी हा पोरगा एक दिवस उपाशी मरणार, असं रेइनो म्हणायचा.

पासीने काठ्या मांडीवर ठेवल्या. त्याचे कान लाल झाले होते.

"पाठवायची नाही," इस्मो पुन्हा म्हणाला. "त्यावरचा आवाज मला कुणी ऐकायला नकोय. कळलं?"

"हो," पासी म्हणाला. श्वास आत ओढून.

हेलीला वाटलं, आता तरी दोघं बोलतील. किम्मोलाही वाटलं असावं, कारण तो बाहेर जाऊन दोन सिगरेटी ओढून आला. परत आला तेव्हा पासी नट पिळत होता आणि इस्मो तारा लावत होता.

गायक सापडला तो उन्हाळ्यात, नदीकाठच्या नाचाच्या मांडवात. हेली तिथे शनिवारी नाचाच्या बँडबरोबर वाजवायची. "एकदा ऐकून तरी बघ," म्हणत तिने इस्मोला ओढून नेलं. पांढरे बूट, केस चापून बसवलेले, आणि टँगो गाणारा तो यार्नो. टँगोच्या स्पर्धेत दोनदा हरला होता. पण वरच्या सुरावर गेला की तिथे जमीन असल्यासारखा उभा राहायचा. पन्नाशीच्या बायका डोळे मिटून नाचत होत्या. इस्मो खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याला एकाच वेळी फार आनंद झाला आणि रडू आलं. आपलं गाणं या गळ्यात कसं वाटेल, हे त्याला तिथल्या तिथे ऐकू आलं होतं.

मध्यंतरात त्याने यार्नोला सॉसेजच्या टपरीपाशी गाठलं.

"ड्रॅगनवर गाशील?"

यार्नोने सॉसेजला मोहरीची चटणी लावत त्याच्याकडे पाहिलं.

"सहा वर्षं सोडून गेलेल्या बायकांवर गातोय. ड्रॅगन निदान परत तरी येतो."

"केस मोकळे सोडावे लागतील."

"ते मात्र आईला विचारायला लागेल."

इस्मो कित्येक आठवड्यांनी हसला.

तळघरात त्याने यार्नोला गाणी शिकवली. जुनी कॅसेट ऐकवली नाही. ओळ गाऊन दाखवायची, हळू आवाजात, आणि यार्नोने ती उचलायची. दिव्याच्या गाण्याशी आले तेव्हा यार्नो म्हणाला,

"इथे 'बर्फावरून' झाल्यावर श्वास घ्यायचा ना? हेली म्हणाली, तू घ्यायचास."

"मला घ्यावा लागायचा."

"छान वाटतं पण ते."

"तुला लागत नाही. मग सलग म्हण."

यार्नोने सलग म्हटलं. ओळ एका दमात वर चढली आणि पोलादी दाराला जाऊन धडकली. त्यात कुठे सांधा नव्हता. हेलीचं बोट सवयीने त्या बारीक सुरावर गेलं होतं. ते तिने उचलून घेतलं. किम्मो नुसता बघत राहिला. इस्मोने गिटारची एक तार पिळायला घेतली, ती सुरातच होती.

"बरोबर?" यार्नोने विचारलं.

"बरोबर," इस्मो म्हणाला. "असंच पाहिजे होतं."

*

पुढचं सगळं भराभर झालं. अल्बम हाम्बुर्गमध्ये निघाला. गावच्या वर्तमानपत्रात बटाट्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली चार ओळी आल्या, आणि त्यांतही पासीचं आडनाव चुकलेलं होतं. जर्मनीत मात्र दिव्याचं गाणं रेडिओवर लागलं. व्हॅन बोटीवर चढवायची, पलीकडे उतरवायची, आणि मग गावामागून गाव. सुरुवातीला चाळीस माणसं, मग दोनशे, मग मोठ्या बँडच्या आधी वाजवायला बोलावणं. एका मासिकाने लिहिलं की यार्नो ती ओळ एका श्वासात गातो तेव्हा अंगावर काटा येतो. हेलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तिचा आवाज पडला.

इस्मो गायचा बंद झाला, तो अगदीच बंद झाला. मागून साथीला गायला सांगितलं तरी नाही. आपल्यासमोरचा माइक त्याने काढून टाकायला लावला. व्हॅनमध्ये सगळे काहीबाही गुणगुणायचे, हा खिडकीबाहेर बघत बसायचा. बहिणीच्या मुलाच्या बारशाला चर्चमध्ये भजनाचं पुस्तक उघडून उभा राहिला, ओठ हलवले, पण आवाज नाही. आईने शेजारून पाहिलं आणि पान उलटून दिलं.

गाणी लिहीत होता, चांगली लिहीत होता. पण रात्री हॉटेलात पडल्यावर त्याला वाटायचं, आपण आपलंच घर दुसऱ्याच्या नावावर करून दिलं आणि आता त्याच घरी पाहुणे म्हणून राहतोय. यार्नोचा राग येत नव्हता. यार्नो भला माणूस होता. राग यायचा तो पासीचा, आणि तो काही केल्या जात नव्हता. व्हॅन दोघं आळीपाळीने चालवायचे. पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसून हजारो किलोमीटर गेले असतील. टायर, पेट्रोल, रस्त्यावरचं हरीण, यापलीकडे बोलणं नाही. कधी पासी एकदम "अरे इस्मो," म्हणायचा. इस्मो वाट बघायचा. मग पासी म्हणायचा, "पुढच्या वळणाला डावीकडे."

एका नाताळात ते गावी आले तेव्हा रेइनोला अल्बम ऐकवला. म्हातारा खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. दिव्याचं गाणं संपलं.

"चांगला गातो," रेइनो म्हणाला. "फक्त घाईत आहे जरा."

पासीने इस्मोकडे पाहिलं. इस्मो कॉफी ओतायला उठला. त्या संध्याकाळी सौना तापवली होती, पण इस्मो डोकं दुखतंय म्हणून गेला नाही. भट्टी पेटवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं जळक्या प्लास्टिकचा वास अजून येतो, हे त्याला किम्मोकडून कळलं होतं.

मग जपानहून बोलावणं आलं. तिथे अल्बम इतका खपला होता की डीटरला आधी तो छापण्यातला घोळ वाटला. ओसाकात दोन हजारांचं सभागृह भरलं होतं.

*

ओसाकाचे लोक दोन गाण्यांच्या मधे एकदम गप्प व्हायचे. टाळ्या वाजवायच्या आणि थांबायचं. जर्मनीतल्या आरडाओरड्याची सवय झालेला यार्नो गडबडला, पण बाकीच्या चौघांना उलट घरी आल्यासारखं वाटलं. गप्प बसून ऐकणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

दिव्याचं गाणं सातवं होतं. हेलीने सुरुवातीचे सूर धरले आणि सभागृह हललं. पहिलं कडवं लोक यार्नोबरोबर गात होते. इंग्रजी शब्द त्यांना पाठ होते. धृपद आलं. दिवा तेवत ठेव, मी बर्फावरून...

आणि सभागृह थांबलं.

यार्नो एकटाच पुढे गेला. सलग, एका दमात, नेहमीसारखा. एका क्षणासाठी त्या एवढ्या मोठ्या जागेत त्याचा आवाज उघडा पडला. मग दोन हजार माणसं 'चालत येईपर्यंत' म्हणत मागून आली आणि ओळ वेडीवाकडी झाली.

लोक चुकले, असं इस्मोला वाटलं. ऐकायला गोंधळ होत असेल, पुढच्या वेळी जमेल. दुसऱ्या कडव्यात त्याने मान वर करून पाहिलं. पहिल्या रांगेत चष्मेवाली एक मुलगी होती, तिच्या शेजारी ऑफिसच्या पांढऱ्या शर्टातच आलेला एक माणूस. दोघंही डोळे मिटून गात होते. 'बर्फावरून' आलं, आणि दोघांचे खांदे एकाच वेळी वर उचलले गेले. दोघांनी श्वास घेतला. सगळ्यांनी घेतला. यार्नो या वेळी अडखळला आणि वळून इस्मोकडे बघायला लागला.

हे अल्बमवरून शिकलेले नव्हते. अल्बमवर तो श्वासच नव्हता. तो फक्त जुन्या कॅसेटवर होता, आणि त्यांचं उरलेलं खोकं इस्मोने स्वतःच्या हातांनी जाळलं होतं. आधी जपानला गेलेल्या चार-दोन कॅसेटींवरून एवढं सभागृह शिकणं शक्य नव्हतं.

त्याने मागे पासीकडे पाहिलं. पासीने मान खाली घातली होती आणि घामाने भिजलेले केस तोंडावर घेऊन तो वाजवत होता. इतका खाली वाकून तो कधी वाजवत नसे.

शेवटचं धृपद आलं. यार्नो पुढे गेला, माइक लोकांकडे धरला आणि स्वतः गप्प राहिला. दोन हजार माणसं गात चढली. दिवा तेवत ठेव, मी बर्फावरून... आणि मधे ती फट पडली. हेलीच्या कीबोर्डमधून एक बारीक सूर आला, एकच. दोन वर्षांत तिने तो वाजवला नव्हता. इस्मोचा हात तारांवर होता. त्याच्या छातीत काहीतरी ओढलं गेलं आणि त्याला कळलं की त्यानेही श्वास घेतलाय. मग 'चालत येईपर्यंत' आलं आणि ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, चिरकत, माइकशिवाय. कुणाला ऐकू जायचं काही कारण नव्हतं.

*

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत किम्मो बाकावर आडवा झाला होता. हेली आणि यार्नो बाहेर फोटोंसाठी उभे होते. पासी कोपऱ्यात बसून हातांवरच्या पट्ट्या सोडत होता. इस्मो त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"किती?"

"काय किती?"

"पासी."

पासीने पट्टी गुंडाळली, परत सोडली.

"माझी स्वतःची एक होती घरी. तिच्यावरून उतरवून काढायचो. जपानमधून पत्रं फार यायची. मग ती पोरं आपसांत उतरवून घ्यायची. आता मोजदाद कशी सांगू?"

"मी पाठवायची नाही म्हणालो होतो."

"हो. मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतंस."

"ते लिहायचे, यातला माणूस कोण आहे, तो अजून गातो का, म्हणून." पासी अजूनही हातांकडेच बघत होता. "मी कळवायचो, गातो. मला वाटलं, गाशील कधीतरी."

बाकावर किम्मो या कुशीवरून त्या कुशीवर झाला. त्याला झोप लागलेली नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. इस्मो पासीच्या शेजारी बसला. बाक अरुंद होता, खांद्याला खांदा लागला. बाहेर कुणीतरी जोरात हसलं, मग यार्नोचा आवाज आला, मग दार बंद झालं.

पासीने पट्टी खिशात घातली.

"सौनातच सांगायला हवं होतं मी," पासी म्हणाला. "त्या दिवशी. पाणी टाकत बसलो. तोंडाशी आलं होतं आणि मी पाणी टाकत बसलो."

इस्मोने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे एक घड्याळ होतं आणि एक आग विझवायचं नळकांडं. त्याला रेइनोचे हात आठवले, काळे झालेले दगड एकेक करून बाहेर काढणारे, आणि दगड तसेही बदलायचेच होते म्हणणारे. सांगायला पुष्कळ होतं.

"हो," तो म्हणाला, श्वास आत ओढून.